डुलतं स्टूल

सोमवारी सकाळी मी वर्गात शिरले, मुलं उभी राहिली, एका सुरात "नमस्ते, बाई" म्हणाली, खाली बसली, आणि माझ्या छातीत धस्स झालं. टिंकाराच्या बाकामागे साधी खुर्ची होती. चार पायांची, लाकडी, सगळ्यांच्या असते तशीच. आता खुर्ची बघून कुणाच्या छातीत धस्स होतं का? उभा जन्म मी असल्याच खुर्च्यांमधून फिरले. परवापरवापर्यंत याच पोरीला याच खुर्चीवर टेकवण्यासाठी घसा कोरडा करत होते. पण आज दुसऱ्या तासाला समुपदेशन केंद्राच्या रोमाना मॅडम येऊन मागच्या बाकावर बसणार होत्या आणि टिंकारा या शाळेत राहणार की नाही, ते ठरवून जाणार होत्या. आणि तिचं डुलतं स्टूल जागेवर नव्हतं. टिंकारा माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, तक्रार नव्हती, नुसती बघत होती. आणि तिचा उजवा पाय बाकाखाली सुरू झाला होता.

"स्टूल कुठंय?" मी विचारलं. सगळ्यांच्या माना ब्रीनाकडे वळल्या. मागच्या आठवड्यात वर्ग आवरण्याची पाळी ब्रीनाची होती. शुक्रवारी शाळा सुटली की खुर्च्या उलट्या करून बाकांवर चढवायच्या म्हणजे खालून झाडता येतं, हा आमचा नेम, मी स्वतः या शाळेत शिकले तेव्हापासूनचा. ब्रीना म्हणजे नेमाची पक्की. तिनं सगळ्या खुर्च्या चढवल्या, स्टूलही चढवलं, ते गडगडत खाली आलं; पुन्हा चढवलं, पुन्हा आलं. "मग मी विचार केला बाई, बूड गोल आहे म्हणजे हे खेळाचं असणार. म्हणून व्यायामशाळेत ठेवून आले, चेंडूंच्या जाळीत." हे सांगताना ती इतकी निर्धास्त होती की रागावणार तरी काय! मी तशीच व्यायामशाळेकडे गेले. दाराला कुलूप. खेळाचे बोयान सर पाचवीला घेऊन पोहोर्येच्या डोंगरावर बर्फात स्की शिकवायला गेलेले, आठवड्यासाठी, आणि किल्ली त्यांच्या खिशात. शिपाईमामांकडे दुसरी किल्ली होती; ती कुठल्या तरी जत्रेत हरवली असं ते सांगतात, तेही हसत हसत. मी कुलूप एकदा उगाच ओढून पाहिलं.

परत येताना खिडकीतून द्रावा नदी दिसत होती, पाणी शिशासारखं, आणि पुलावरून ती छोटी नारिंगी गाडी पलीकडे चालली होती. त्या गाडीत पलीकडच्या शाळेची, 'विशेष' मुलांच्या शाळेची मुलं असतात. शाळा वाईट नाही हो, वर्गात मुलं मोजकी, शिक्षक जीव लावणारे. पण आमच्या या कारखान्याच्या वस्तीत, एकावर एक मजले चढवलेल्या इमारतींत, सकाळी कुणाचं पोर त्या गाडीत चढतं ते प्रत्येक खिडकीला ठाऊक असतं. टिंकाराची आई दार्या बेकरीत पहाटपाळी करते. पालकसभेच्या दिवशी सगळे गेल्यावर ती लहान मुलांच्या त्या एवढ्याशा खुर्चीवर बसून राहिली होती, गुडघे हनुवटीशी, केसांत अजून पीठ. "बाई, नदीपलीकडे नको हो," म्हणाली. "माझ्या भावाला नेलं होतं. तिकडे गेलेलं परत कुणी येत नाही. पोर बोलते तर बघा केवढं, वाचते केवढं. नुसतं बूड टेकत नाही एवढंच ना?" मी म्हटलं, बघू. बघू हा शब्द मी किती आयांना दिला असेल.

नुसतं बूड टेकत नाही. ते खरंच तेवढंच होतं. खुर्चीवर टिंकारा म्हणजे उकळत्या पातेल्यावरचं झाकण. पाय दुमडायची, त्यावर बसायची, पाय सुटायचा, खुर्ची मागच्या दोन पायांवर जायची, पेन्सिल पडायची, पेन्सिलीमागे ती पडायची. आमच्याकडे शाळेत शिरताना बूट काढून घरातल्या मऊ सपाता घालतात. तर हिच्या सपाता पायात कमी आणि वर्गभर जास्त. शुद्धलेखन सांगायला घेतलं की दुसऱ्या वाक्यापर्यंत ती कुठल्या तरी तिसऱ्याच देशात गेलेली असायची. मग केंद्रानं ते स्टूल पाठवलं, चाचणी म्हणून, उसनं. खाली पाय नाहीत, रबराचं गोलसर बूड. बसलं की सगळीकडे डुलतं पण पाडत नाही. बसणाऱ्याला सारखा तोल सांभाळावा लागतो, शरीराला तेवढं काम मिळालं की डोकं मोकळं होतं, असं रोमाना मॅडमनी मला समजावलं होतं. मी मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, बाई गं, आमच्या वेळी हात पाठीमागे बांधून बसवायचे, ताठ, आणि डोकी काय आमची बंद पडली होती?

आलं ते स्टूल. पहिल्या दिवशी गाश्पर ओरडला, "बाई, मला पण डुलायचंय! माझं बूड चौकोनी झालंय!" आणि सगळा वर्ग खिदळला. टिंकारा मात्र हसली नाही. ती त्यावर बसली आणि हळूच डुलायला लागली, डावीकडे, उजवीकडे, थोडी पुढे. मी शिकवत होते आणि तेवीस स्थिर डोक्यांमध्ये एक डोकं हलत होतं. मला अक्षरशः बोट लागल्यासारखं व्हायला लागलं. घरी येऊन म्हटलं तर स्रेच्को, माझा नवरा, टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाला, "मग बघू नकोस तिकडे." स्रेच्को निवृत्त झाल्यापासून एका जागी बसण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. बर्फावरच्या उड्यांच्या शर्यती लागल्या की सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो त्या सोफ्यात असतो, माणसं आकाशात उडतात आणि हा फक्त पापण्या हलवतो. "तुला त्रास स्टुलाचा नाही," तो म्हणाला, "तुला ते आपल्याला मिळालं नाही याचा त्रास आहे. बघ, जेवतेयस. उभी राहून." मी खरंच उभी होते. ओट्याशी, हातात सूपची वाटी. आमच्या लग्नात मी टेबलाशी बसून पूर्ण जेवले असेन तर तेवढीच. मी वाटी आपटली आणि म्हटलं, तू तुझ्या उड्या बघ. पण रात्रभर ते वाक्य माझ्या अंगात कुसळासारखं राहिलं.

कारण मेल्यानं बरोबर ओळखलं होतं. मला हेवा वाटत होता. माझ्या नातीच्या वयाच्या पोरीच्या स्टुलाचा! लहानपणी मी काय वेगळी होते? आई कापडगिरणीत पाळीभर मागापाशी उभी असायची, घरी आली की तिला जगात सगळे बसलेले हवे असायचे. मी दारातून खिडकीत, खिडकीतून दारात. "पायाला भिंगरी लावलीय का? बस मेले एका जागी!" मग ती मला स्वयंपाकघरातल्या बाकावर बसवायची आणि हात मांड्यांखाली दाबून ठेवायला लावायची. हात झोपी जायचे, मुंग्या यायच्या, आणि आतलं सगळं बाहेर यायला वाट शोधत राहायचं. सुख होतं ते फक्त रविवारी. वडील कारखान्यात कम्युनिस्ट पक्षाचे, देवाधर्माच्या विरुद्ध, त्यांच्यापासून लपवून मावशी मला चर्चमध्ये न्यायची, आणि तिथे काय चंगळ! उभं राहा, बसा, गुडघे टेका, परत उभं राहा. देव मला तेव्हा फार समजूतदार वाटायचा; माणसानं किती वेळ बसावं ते त्याला नेमकं कळत होतं. शाळेत मात्र बाकावर हात पाठीमागे, आणि समोर बाई, लांब स्कर्टमधल्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरणाऱ्या. तिथेच केव्हा तरी मला कळलं असणार की या खोलीत हलायची परवानगी असलेलं माणूस एकच आहे. लोक विचारतात, शिक्षिका का झालात. मी म्हणते, मुलांची आवड. आवड आहे, नाही असं नाही. पण खरं कारण हे, की वर्गात फक्त बाई चालू शकतात.

आणि तरी स्टूल काम करत होतं, हे मला नाकारता येईना. तिसऱ्या आठवड्यात कधी तरी मी शुद्धलेखन सांगत होते आणि एकदम जाणवलं की टिंकाराच्या बाकाशी शांतता आहे. ती डुलत होती, पण डोळे वहीवर, पेन्सिल चालू, सपाता पायात. शेवटचं वाक्य तिनं शेवटपर्यंत लिहिलं. चुका होत्या, भरपूर होत्या. पण त्या वर्गात बसून केलेल्या चुका होत्या. त्या दिवसापासून ते हलणारं डोकं मला दिसेनासं झालं. खिडकीबाहेरचं झाड हलताना दिसतं का आपल्याला? तसंच. आणि आता ते स्टूल चेंडूंच्या जाळीत कुलूपबंद होतं, पुलावर नारिंगी गाडी होती, आणि घंटा झाली.

रोमाना मॅडम वेळेवर आल्या. तरुण आहेत, गोड आहेत, पाहुण्यांसाठीच्या मोठ्या सपातांमध्ये त्यांची पावलं पोहत होती. मागच्या बाकावर बसल्या, कोट मांडीवर, हातात पेन. मला सरळ सांगता आलं असतं, मॅडम, स्टूल अडकलंय, पुढच्या सोमवारी या. त्यांना फार फार तर थोडी कटकट झाली असती. पण आम्ही इथली माणसं अशी आहोत की वरून कुणी बघायला आलं की आमच्या घरात काही बिघडलेलं नसतं. आईच्या गिरणीत मोठे साहेब यायचे तेव्हा बंद मागांवर कुंड्या ठेवायचे. ते रक्तातच आहे. मी टिंकाराकडे पाहिलं. खुर्ची मागच्या दोन पायांवर गेली होती. या पहिल्या दोन मिनिटांवर पोरगी नदीपार जाणार, असं मला वाटलं, आणि तोंडून निघालं, "टिंकारा, फळ्यापाशी ये. आज तुझी तोंडी परीक्षा."

वर्गानं एकच श्वास आत ओढला. आमच्याकडे फळ्यापाशी उभं करून प्रश्न विचारणं म्हणजे बळीचा बकरा. बाकीचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि बिचाऱ्याकडे कणवेनं बघतात. गाश्पर तर कुजबुजला, "मेली." पण टिंकारा टुणकन उठली. मी तिला भिंतीवरचा मोठा नकाशा उलगडायला लावला. काठी घेऊन नद्या दाखवायला लावल्या, उगमापासून मुखापर्यंत, चालत चालत. द्रावा दाखवताना ती जवळजवळ दारापर्यंत गेली, कारण, "बाई, ती नकाशात संपत नाही, पुढे जाते." मग फळा पुसायला लावला, स्पंज भिजवून आणायला लावला, वह्या वाटायला लावल्या, आणि शुद्धलेखनाची वेळ आली तेव्हा म्हटलं, तू आज फळ्यावर लिही, बाकीचे वहीत. तिनं उभ्यानं लिहिलं, या पायावरून त्या पायावर, अक्षरं मोठी आणि गोल. अख्खा तास ती एकदाही बसली नाही. अख्खा तास मी घामाघूम. आणि आत कुठे तरी मला, खोटं कशाला बोलू, मजा येत होती. मी आणि ती, दोघी फळ्यापाशी, दोघी पायांवर.

मधली सुट्टी झाली. मुलं पाव आणि चहा घेऊन बाकांशी बसली. आम्ही बाहेर आलो, जिथे खुंट्यांवर सपातांच्या पिशव्या टांगलेल्या असतात. रोमाना मॅडमचा चेहरा फुलला होता. "व्लास्ताताई, कमाल आहे. मी काय काय वाचून आले होते फायलीत! मुलगी एकदम ठीक आहे. पलीकडच्या शाळेचा प्रश्नच नाही." माझे डोळे भरून आले. आता दार्याला बेकरीत जाऊन सांगीन, असंच मनात आलं. "आणि स्टूलपण लागत नाहीसं दिसतंय," त्या पुढे म्हणाल्या. "आज तर तिनं वापरलंही नाही. मी ते या आठवड्यात घेऊन जाते, दुसऱ्या एका शाळेत एक मुलगा केव्हाचा वाट बघतोय. तुमचं श्रेय आहे हे. खरंच." असं म्हणून त्यांनी माझा दंड दाबला.

मी मान डोलावली. मला वाटतं मी हसलेसुद्धा. आत मात्र सगळं सरसर पुढे पळत होतं. उद्या शुद्धलेखन, आणि टिंकारा खुर्चीवर. परवाही खुर्चीवर. मी तिला रोज अख्खा तास फळ्यापाशी नाचवू शकत नाही. मग पेन्सिल, सपाता, तिसरा देश. वसंतापर्यंत फाईल पुन्हा उघडणार, आणि तेव्हा तिच्यात आजचा कागद असणार: स्टुलाची गरज नाही, मुलगी ठीक. मग म्हणतील, मागच्या वेळी तर सरळ होती, म्हणजे आता बिघडली, म्हणजे प्रकरण गंभीर. मीच माझ्या हातानं तिला त्या नारिंगी गाडीच्या पायरीवर आणून उभी केली होती, कुंड्या ठेवून. आणि गप्प राहणं किती सोपं होतं! कौतुक झालं होतं, निवृत्ती दोन वर्षांवर होती, आणि मॅडम एका सपातेतून पाय काढून बुटात घालत होत्या.

"थांबा मॅडम," मी म्हटलं. "मी तुम्हाला फसवलं."

त्या एका पायात बूट, एका पायात सपाता अशा वर बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं. खुर्च्या बाकांवर चढवायचा नेम, चेंडूंची जाळी, बोयान सरांच्या खिशातली किल्ली. आणि हे की तोंडी परीक्षा आज नव्हतीच. मी पोरीला बसूच दिलं नाही, तुम्हाला ती खुर्चीवर दिसू नये म्हणून. सांगताना मी एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत येरझारा घालत होते. त्यांचा चेहरा बदलत गेला. रागावल्या, आणि रागावायलाच हव्या होत्या. "मग मी आता काय लिहू? मी काही पाहिलंच नाही म्हणून? इतकी वर्षं नोकरी केलेल्या तुम्ही, ताई!" मी म्हटलं, लिहा की बाईंनी खोटं दाखवलं. मला काय व्हायचं ते होऊ दे, पण स्टूल नेऊ नका. त्यावर तिचं जमतं, खरंच जमतं. "जमतं म्हणजे काय?" त्या म्हणाल्या. "गुण वाढले का?" नाही, म्हटलं, तितके नाही. "मग मी कशावरून मानू?"

तेवढ्यात टिंकाराच बाहेर आली, अर्धा पाव हातात, तोंडाला मुरंबा, पिशवीतून काही तरी काढायला. रोमाना मॅडम तिच्या उंचीला खाली वाकल्या. आवाज एकदम मऊ केला त्यांनी. "टिंकारा, मला एक सांग. ते डुलतं स्टूल आल्यापासून काय बदललं गं? अभ्यासात लक्ष लागतं?"

टिंकारानं विचार केला. चघळत चघळत, पायाच्या बोटांवर वरखाली होत. "बाई माझं नाव घेत नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आधी दिवसभर घ्यायच्या. टिंकारा नीट बस, टिंकारा पाय, टिंकारा इकडे बघ. मग मी नुसतं ऐकत बसायचे, आता कधी घेतील, आता कधी घेतील. आता फक्त हजेरीला घेतात. मग बाकीचं ऐकू येतं."

माझे पाय थांबले. व्लास्ता नीट बस, व्लास्ता हात, व्लास्ता इकडे बघ. आईच्या आणि त्या लांब स्कर्टवाल्या बाईंच्या आवाजात माझं नाव चापटीसारखं यायचं, आणि पुढची कधी येईल त्याकडे कान लावून मी सगळं बालपण बसून काढलं होतं. स्वतःचं नाव मला आवडायला लागलं ते स्रेच्कोनं पहिल्यांदा नुसतं, काही न सांगता, हाक म्हणून घेतलं तेव्हा. आणि मी ते विसरून या पोरीला दिवसभर तेच देत होते.

रोमाना मॅडम उभ्या राहिल्या. माझ्याकडे वळल्या. राग उरला होता, पण पातळ झाला होता. "मग व्लास्ताताई," त्या म्हणाल्या, "हे स्टूल नक्की लागतं कुणाला? हिला की तुम्हाला?"

"मला," मी म्हटलं. "मी निवृत्त होईपर्यंत तरी राहू द्या."

त्या हसल्या नाहीत. भिंतीला कागद लावून त्यांनी लिहिलं आणि मला वाचायला दिलं: मुलगी याच वर्गात राहील, स्टूलही राहील, कारण शिक्षिकेला उपयोग होतो. मग त्यांनी दुसरा बूट घातला. टिंकारा कधीच आत पळाली होती; चहा गार होत होता, आणि आपण काही मोठं बोलून गेलो हे तिच्या गावीही नव्हतं.